पॅकेज येतं कर्जाचं, अडलेलं असतं बिल

मंदीचं सावट, रुपयाची घसरण, निर्यातीला फटका, बाजार कोसळला. दोन दिवस गेले की दुसरी बातमी येते: सरकारचा दिलासा, इतक्या हजार कोटींचं पॅकेज. या दोन्ही बातम्यांचा आता मनापासून वीट आलाय. संकट खोटं असतं असं मी म्हणत नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या बोळात पाच मिनिटं उभं राहिलं तरी किती लूम (यंत्रमाग) चालू आहेत नि किती बंद, हे आवाजावरून कळतं. त्यासाठी टीव्ही लागत नाही. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. पैसा नेमका कुठे अडतो ती जागा संकटाच्या बातमीत नसते, आणि उपायाच्या घोषणेतही नसते.

ती जागा म्हणजे छोट्या कारखानदाराचं कॅश क्रेडिट खातं, मंजूर मर्यादेत लागतील तसे पैसे उचलायचं बँकेचं कर्जखातं. त्यातली एक ओळ, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, समजून घेतली तर पुढचं सगळं उलगडत जातं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

समजा, टॉवेलच्या एका कारखान्याला बँकेने 50 लाखांची लिमिट मंजूर केली आहे. याचा अर्थ 50 लाख कधीही वापरता येतात असा नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं: सूत किती, लूमवर किती, तयार माल किती, येणं किती, देणं किती. त्यावरून बँक ठरवते की या महिन्यात किती रक्कम उचलता येईल. स्टॉक 40 लाखांचा असेल आणि सूतवाल्याचं देणं 20 लाख असेल, तर पैसे चुकते केलेला माल 20 लाखांचा धरला जातो. त्यातून 25 टक्के मार्जिन, म्हणजे बँक खबरदारी म्हणून वगळते तो हिस्सा, वजा केलं की उरतात 15 लाख. येणं 60 लाख आहे आणि सगळं 90 दिवसांच्या आतलं आहे. त्यातून 40 टक्के मार्जिन गेलं की 36 लाख. दोन्ही मिळून 51 लाख. लिमिट 50 लाखांची, म्हणजे पूर्ण 50 लाख वापरता येतात. मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात, पण हिशेबाची पद्धत हीच.

आता संकट आलं. खरेदीदाराने माल नेला, पण पैसे थांबवले. 60 लाखांच्या येण्यातली 25 लाखांची बिलं 90 दिवसांच्या पलीकडे गेली. बँक ती मोजतच नाही. उरलेल्या 35 लाखांवर मार्जिन जाऊन 21 लाख. तिकडे माल उठत नाही म्हणून स्टॉक 50 लाखांवर गेला आणि सूतवाल्याचं देणं 25 लाख झालं; फरक 25 लाख, मार्जिन जाऊन पावणेएकोणीस लाख. एकूण 39 लाख 75 हजार. पण 50 लाख तर आधीच उचललेले आहेत, ते सुतात, मजुरीत, वीजबिलात गेले. खातं एका महिन्यात सव्वादहा लाखांनी वर गेलं. कारखानदाराने जास्त काहीही खर्च केलेलं नाही. दुसऱ्याने बिल थकवलं आणि लिमिट याची आटली.

हे वर गेलेलं खातं 30 दिवसांच्या पुढे तसंच राहिलं की ते एसएमए-1 (अडचणीत येऊ लागलेल्या खात्यावरचा बँकेचा शेरा), 60 दिवसांच्या पुढे एसएमए-2, आणि 90 दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. धंदा सुरू आहे, माल दर्जेदार आहे, येणं आहे, तरी खातं बुडीत. त्यात कुणी घाबरून स्टॉक स्टेटमेंट देणंच थांबवलं तर आणखी वाईट. तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर उचल चालू असेल तर खातं अनियमित धरलं जातं. आकडे वाईट असले तरी स्टेटमेंट वेळेवर द्यायचंच, हा नियम मोडू नये.

तयार मालाचंही तसंच. टेरी टॉवेलला दोन भीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक जमिनीचा, म्हणजे मूळ विणीचा, आणि एक पाइलचा, म्हणजे वरच्या फुगीर धाग्यांचा. ऑर्डर मधेच थांबली तर चढवलेला भीम उतरवून दुसरीकडे लावता येत नाही. सूत त्या गिऱ्हाइकाने सांगितलेल्या रंगछटेत रंगवलेलं असतं, साइज त्याच्या इंचांची, कडेच्या पट्ट्याचं डिझाइन त्याचं, लेबल त्याचं. अमेरिकेसाठी 27 बाय 54 इंचाचा विणलेला टॉवेल नव्या पेठेत विकायचा म्हटलं तर लेबल काढून, पडेल त्या भावात. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो उत्पादन खर्चाने दिसतो, बाजारात त्याला तेवढे मिळत नाहीत, आणि चार-सहा महिने पडून राहिला की बँकेचा स्टॉक ऑडिटर तो वगळतो.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि 27 तारखेपासून आणखी 25 टक्के शुल्क लावलं, तेव्हा नेमकं हेच झालं. बातम्यांत चर्चा होती जीडीपीवर किती परिणाम होईल याची. इथे प्रश्न होता लूमवर चढलेल्या भिमांचा. सरकारने त्याच महिन्यात कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, पुढे ती माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. कापूस उत्पादक चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं, कारण हंगामाच्या तोंडावर त्यांचा भाव दबला. सोलापूरचा कारखानदार कापूस घेत नाही, सूत घेतो. कापूस बंदरात येणार, गिरणीत जाणार, सूत होणार, मग व्यापाऱ्याकडून इथे येणार. तेवढ्या वेळात रद्द झालेली ऑर्डर परत येत नाही. शेतकऱ्याला दुखवूनही विणणाऱ्याच्या हाती त्या घडीला काही पडलं नाही, याचा राग जास्त येतो.

आता पॅकेजकडे वळू. 2020 चं, कोरोनाकाळातलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल: 20 लाख कोटी. त्या 20 लाख 97 हजार कोटींच्या बेरजेत रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे 8 लाख कोटींहून अधिक होते, म्हणजे बँकांच्या हाती मोकळी केलेली तरलता. लघुउद्योगांसाठी गाजलेली 3 लाख कोटींची योजना ही कर्जहमी होती. बँका कर्ज देणार, ते बुडालं तर सरकार भरणार. त्यासाठी सरकारने चार आर्थिक वर्षांत मिळून 41,600 कोटींची तरतूद केली. हमी निरुपयोगी असते असं नाही, त्या योजनेने अनेक कारखाने तगले हे मान्य करायलाच हवं. पण हमी म्हणजे मदत नव्हे, कर्ज मिळण्याची सोय. बातमीत दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की वाचणाऱ्याला वाटतं, सरकारने उद्योगाच्या पदरात 3 लाख कोटी टाकले.

त्या योजनेत 29 फेब्रुवारी 2020 रोजी जेवढी बाकी, तिच्या 20 टक्के जादा कर्ज मिळत होतं. व्याज बँकेकडून जास्तीत जास्त 9.25 टक्के, बिगरबँक वित्त कंपनीकडून 14 टक्के. चार वर्षांची मुदत, त्यातलं पहिलं वर्ष मुद्दल नाही. आणि त्या तारखेला खातं 60 दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नसावं. इथेच मेख आहे. ज्याने बँकेचं कर्जच घेतलं नव्हतं, सूतवाल्याच्या उधारीवर आणि सोनं गहाण ठेवून धंदा केला, त्याची बाकी शून्य. शून्याच्या 20 टक्के शून्य. आणि ज्याचं खातं आधीच घसरलं होतं तो बाहेर. आधीपासून बऱ्या स्थितीत असलेल्यालाच मदत जास्त मिळते, हे बँकेचं तर्कशास्त्र झालं. संकटात सरकारनेही तेच वापरावं हे मला पटत नाही.

कामगारांच्या बाबतीत तर फार वाईट झालं. तेव्हा सरकारने मालक आणि कामगार अशा दोघांचा मिळून 24 टक्के पीएफ काही महिने भरला. अट होती 100 पर्यंत कामगार, आणि त्यातले 90 टक्के महिना 15,000 पेक्षा कमी पगाराचे. मीटरवर किंवा नगावर मजुरी घेणाऱ्या, ज्याचं नाव पीएफच्या यादीतच नाही अशा विणकराला आणि कांड्या भरणाऱ्या बाईला त्यातून काय मिळालं? लूम थांबला की त्यांची मजुरी त्याच दिवशी थांबते.

हप्तेसवलतीची बातमी ऐकून बरं वाटतं, तिचाही हिशेब एकदा करून पाहा. 20 लाखांचं कर्ज, 12 टक्के व्याज, 60 हप्ते बाकी; हप्ता 44,489 रुपये. सहा महिने हप्ता भरला नाही तर व्याजावर व्याज चढत मुद्दल 21 लाख 23 हजार होतं. हप्ता तोच ठेवला तर 60 च्या जागी 65 हून थोडे जास्त हप्ते भरावे लागतात, म्हणजे सुमारे 2 लाख 30 हजार जादा. 2020 मध्ये 2 कोटींपर्यंतच्या कर्जांना व्याजावरचं व्याज परत मिळालं, साधं व्याज मात्र भरावंच लागलं. खातं एनपीए होण्यापासून वाचवायचं असेल तर ही सवलत जरूर घ्यावी. हातात पैसे असताना केवळ मिळतेय म्हणून घेऊ नये.

रेपो दराची, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याची, बातमीही अशीच. 2025 या एका वर्षात रेपो 6.50 वरून 5.25 टक्क्यांवर आला, सव्वा टक्का कमी. 50 लाखांच्या कॅश क्रेडिटवर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला 62,500 रुपये. आणि वरच्या उदाहरणातली 25 लाखांची बिलं तीन महिने उशिरा आली, तर 10 टक्के दराने त्या उशिराचं व्याज होतं 62,500 रुपये. म्हणजे रिझर्व्ह बँकेने वर्षभरात जे दिलं, ते एका खरेदीदाराच्या एका तिमाहीच्या दिरंगाईने गिळलं. तेही दर खाली आला तर. बाह्य मानकाशी (रेपोसारख्या दराशी) जोडलेला व्याजदर व्यापारी बँकांना बंधनकारक आहे, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना नाही. सोलापुरात छोट्या कारखानदारांची कितीतरी खाती सहकारी बँकेत असतात, तिथे रेपोची बातमी पोचेलच असं नाही. मंजुरीपत्र काढून व्याजदराची ओळ वाचा. रेपोशी जोडलेला असेल तर तीन महिन्यांच्या आत दर बदलायलाच हवा. एमसीएलआर (बँकेने स्वतःच्या खर्चावरून काढलेला दर) किंवा ठरावीक दर असेल तर लेखी अर्ज करून बदलून मागा. बँक बदलायची झाली तर, 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जावर व्यापारी बँका सूक्ष्म-लघु उद्योगाकडून मुदतपूर्व फेडीचा आकार घेऊ शकत नाहीत. लघुवित्त बँका, काही मोठ्या सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांच्यासाठी रकमेनुसार नियम वेगळे आहेत, तेवढं विचारून घ्या.

सगळ्यात उपयोगी उपाय मात्र बातमीत आलाच नाही म्हटलं तरी चालेल. 27 मार्च 2020 च्या घोषणेत रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली होती, की मार्जिन कमी करून किंवा खेळत्या भांडवलाचं चक्र नव्याने मोजून ड्रॉइंग पॉवर पुन्हा ठरवा. वरच्या उदाहरणात येण्यावरचं मार्जिन 40 वरून 20 टक्के आणि स्टॉकवरचं 25 वरून 10 टक्के केलं, तर 35 लाखांचे 28 लाख आणि 25 लाखांचे साडेबावीस लाख धरले जातात. एकूण साडेपन्नास लाख. खातं जागेवर. एक पैसा नवं कर्ज नाही, सरकारची एक पैशाची तरतूद नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकी शुल्काचा फटका बसलेल्या निर्यातदारांसाठी रिझर्व्ह बँकेने जे निर्देश काढले, त्यातही ही मुभा होती. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2025 या काळातले हप्ते-व्याज पुढे ढकलणं, त्यावर फक्त साधं व्याज, निर्यात कर्जाची मुदत 450 दिवसांपर्यंत, असं बरंच चांगलं होतं.

पण दोन्ही वेळा शब्द होता ‘बँका देऊ शकतात’. द्यावीच, असं नाही. शाखेतला अधिकारी स्वतःहून हे करत नाही. चुकलं तर जबाबदारी त्याच्यावर, आणि केलं तर शाबासकी कुणी देत नाही. म्हणून लेखी अर्ज लागतो. त्यात तीन गोष्टी हव्यात: येण्याची वयवार यादी (0-30, 31-60, 61-90, 90 च्या पुढे), थकलेल्या प्रत्येक मोठ्या खरेदीदाराचं बाकी मान्य असल्याचं पत्र किंवा निदान ईमेल, आणि पुढच्या सहा महिन्यांचं येण्याजाण्याचं वेळापत्रक. अर्ज खातं वर जाण्याच्या आधी द्यावा. एसएमए-2 झाल्यावर दिलेला अर्ज वर पाठवायला शाखा कचरते. पोच घ्या, नुसतं तोंडी बोलून येऊ नका.

आणि आता माझ्या रागाचं मूळ. 2025 ची ती सवलत कुणाला? ज्याच्या नावावर निर्यात कर्ज आहे त्याला. नोव्हेंबरमध्येच जाहीर झालेली 20,000 कोटींपर्यंतची निर्यातदारांची कर्जहमी योजना, सहा वर्षांत 25,060 कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन, सगळीकडे शब्द निर्यातदार. सोलापुरात टॉवेल विणणारा आणि शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टमच्या कागदावर, ज्याचं नाव असतं तो, हे बऱ्याचदा दोन वेगळे लोक असतात. विणणारा मुंबईच्या किंवा इथल्याच निर्यातदाराला माल देतो, नाहीतर त्याच्या सुतावर मजुरीने विणतो. परदेशी खरेदीदाराने निर्यातदाराचे पैसे अडवले की निर्यातदार विणणाऱ्याचे अडवतो. निर्यातदाराला 450 दिवस, व्याजात सूट, हमी. विणणाऱ्याकडे साधं देशांतर्गत कॅश क्रेडिट, तिथे 90 दिवस म्हणजे 90 दिवस. उसाची मुळी जमिनीत कोरडी ठेवून पाचटावर पाणी मारावं, तसं हे झालं. निर्यातदाराला सवलत देताना ‘पुरवठादाराची बिलं आधी चुकती करा’ एवढी एक अट घालायला पैसा लागत नव्हता.

कायदा नाही असंही नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या दराच्या) तिप्पट व्याज, महिन्याच्या चक्रवाढीने. बँक रेट साडेपाच टक्के असताना ते साडेसोळा टक्के होतं. आयकराच्या 43 बी (एच) कलमाने 1 एप्रिल 2024 पासून दातही दिले: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही थकलेले राहिले, तर त्या वर्षी तो खर्च खरेदीदाराला वजा मिळत नाही. मग काय घडतं? मार्चअखेरीला माल परत दाखवून एप्रिलमध्ये नवं बिल मागितलं जातं. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द कर, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला, असंही ऐकवलं जातं. नोंदणी रद्द करू नका. ती गेली की व्याजाचा हक्क गेला, थकलेल्या बिलांचा निवाडा करणाऱ्या सुविधा परिषदेत जाण्याचा हक्क गेला, आणि पुढच्या कुठल्याही योजनेत नावही नाही.

विभागीय सुविधा परिषदेत तक्रार ऑनलाइन करता येते. कायद्यात 90 दिवसांत निकाल म्हटलंय, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो. मात्र निकाल आपल्या बाजूने लागला तर खरेदीदाराला आव्हान देण्याआधी 75 टक्के रक्कम भरावी लागते, हे मोठं हत्यार आहे. तक्रार टिकते ती कागदावर: खरेदी आदेश, माल पोचल्याची सही, ई-वे बिल, आणि बिलावर छापलेला उद्यम क्रमांक. मजुरीने विणणाऱ्यांचं इथेच अडतं. ऑर्डर फोनवर, चलन चिठ्ठीवर, हिशेब दिवाळीला. निदान व्हॉट्सॲपवर साइज, वजन, नग, दर आणि पैसे देण्याची तारीख लिहून पाठवा आणि समोरच्याकडून होकार घ्या.

आणखी एक कळ फार कमी जण दाबतात. खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, त्याला व्याजासह परत भरावं लागतं. दीडशेव्या दिवशी त्याच्या अकाउंटंटला, मालकाला नव्हे, बिलांची यादी आणि 180 वा दिवस कधी हे लिहून ईमेल करा. मालक फोन उचलत नसला तरी अकाउंटंटला ऑडिट दिसत असतं.

पण याच जीएसटीत सरकार स्वतः काय करतं तेही पाहा. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला कर भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. उशीर झाला तर 18 टक्के व्याज. म्हणजे न आलेल्या पैशावरचा कर कारखानदार आपल्या आटलेल्या लिमिटमधून भरतो. सूक्ष्म उद्योगाने पैसे हातात आल्यावर कर भरावा, एवढी सूट मंदीच्या काळापुरती दिली तरी ती कुठल्याही हमी योजनेपेक्षा लवकर पोचेल, कारण तिला बँकेचा अर्ज लागत नाही. ही मागणी इथल्या संघटनांनी लावून धरायला हवी, आणि बातमीदारांनी मंत्र्यांना एकूण आकडा विचारण्याऐवजी हे विचारायला हवं.

निर्यातदाराला माल देणाऱ्यांसाठी शेवटी एक काम. पॅकिंग क्रेडिटच्या, म्हणजे निर्यातीचा माल तयार करण्यासाठी मिळणाऱ्या कर्जाच्या, नियमांत प्रत्यक्ष उत्पादकालाही ते कर्ज मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी निर्यातदाराकडून पत्र लागतं: निर्यात ऑर्डरचा तपशील, त्यातला कोणता आणि किती किमतीचा भाग तुम्ही पुरवणार, आणि त्या भागावर त्याने स्वतः पॅकिंग क्रेडिट घेतलेलं नाही व घेणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्याने तुमच्या नावे देशांतर्गत एलसी (बँकेचं पैशाची हमी देणारं पत्र) उघडणं. निर्यातदार सहसा नाखूश असतो, कारण त्याला ते स्वस्त कर्ज पूर्ण रकमेवर स्वतःला हवं असतं. म्हणून हे पत्र भीम चढवण्याआधी, दर ठरवतानाच मागायचं. माल गोदामातून गेल्यावर मागितलं तर मिळत नाही.